वही आपली, परवानगी ब्राउजरची

सप्टेंबर २००४मध्ये जेरेमी रस्टन या ब्रिटिश प्रोग्रामरने ‘टिडलीविकी’ लोकांसमोर ठेवली. ती होती एकच एचटीएमएल फाइल. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हापासून विकी म्हटले की सर्व्हर आलाच. रस्टन यांनी तो काढून टाकला. नोंदी, त्यांचे परस्परांशी असलेले दुवे आणि ते चालवणारा कोड, सगळे त्या एका फाइलीत. ती पेन ड्राइव्हवर घ्या, कुठल्याही संगणकावर ब्राउजरमध्ये उघडा, इंटरनेट नसले तरी चालेल. कमांड, कोडचे तुकडे, कामांच्या याद्या लिहून ठेवणाऱ्या तंत्रज्ञांना ही वही आवडली नसती तरच नवल.

याच काळात मोठ्या कंपन्या उलट दिशेने निघाल्या होत्या. गुगलने २००६मध्ये ‘गुगल नोटबुक’ आणले आणि २०१२मध्ये बंद केले. लोकांच्या नोंदी गुगल डॉक्समध्ये हलवण्यात आल्या, म्हणजे अक्षरे वाचली. पण वही कधी मिटायची, हे लिहिणाऱ्याने ठरवले नव्हते.

टिडलीविकीला हा धोका नव्हता. तिची अडचण वेगळी आणि माझ्या मते या इतिहासातला खरा पेच तोच आहे. ब्राउजर हे मुळात वाचायचे साधन. अनोळखी वेबपानाने आपल्या डिस्कवर लिहू नये, हा त्याचा नियम. आणि तो योग्यच आहे, नाहीतर कुठलेही पान आपल्या फाइली बिघडवेल. टिडलीविकी मात्र स्वतःलाच पुन्हा लिहिणारे पान! सुरुवातीच्या वर्षांत फायरफॉक्समध्ये वापरणाऱ्याच्या संमतीने असे लिहिता येत असे. सुरक्षेसाठी ती वाट बंद होऊ लागली, तेव्हा रस्टन यांनी ‘टिडलीफॉक्स’ हे एक्स्टेंशन बनवले. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्स ५७ आले, जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेंशन एका फटक्यात बाद झाली आणि त्यांत टिडलीफॉक्सही गेले. फाइल घरातच होती, वाचताही येत होती. फक्त ‘सेव्ह’ दाबले की नवी प्रत डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन पडायची, आणि यातली ताजी कोणती हे शोधायचे काम वापरणाऱ्याकडे.

२०१९मध्ये ‘इंक अँड स्विच’ या संशोधन गटाने अशा विचाराला ‘लोकल-फर्स्ट’ हे नाव दिले. माहितीची मूळ प्रत आपल्या यंत्रावर असावी, कंपनी बुडाली तरी काम चालू राहावे, असा त्यांचा आग्रह होता. टिडलीविकी वापरणाऱ्यांना यात नवे फारसे काही वाटले नसावे.

२०२०मध्ये क्रोमने पानाला, वापरणाऱ्याला विचारून, निवडलेल्या फाइलीत लिहिण्याची सोय दिली. फायरफॉक्सने ती स्वीकारली नाही. त्यामुळे अनेकजण आता आपल्याच संगणकावर नोड जेएसचा छोटा सर्व्हर चालवून टिडलीविकी वापरतात. रस्टन यांनी जो सर्व्हर काढून टाकला होता, तोच घरच्या टेबलावर परत आला आहे.