ओहोटीचे मोती

नरारा बेटावर जायचं तर पहिली चौकशी ओहोटीची. वनखात्याची परवानगी, सोबत वाटाड्या, पायात जाड तळाचे बूट. हे सगळं त्यानंतर. जामनगरच्या पश्चिमेला वाडीनारजवळ पाणी मागे सरलं की प्रवाळांच्या खडकांवरून पायी चालत पार समुद्रात जाता येतं. १९८२ साली घोषित झालेल्या देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग.

पण ही वाट पर्यटकांनी पाडलेली नाही. मोती वेचणाऱ्यांची ती आहे. मन्नारच्या आखातात पाणबुडे श्वास रोखून तळ गाठत; कच्छच्या आखातात त्याची गरजच नव्हती. मोत्यांचे शिंपले ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर वाढत. त्या खडकांना इथे 'खड्डा' म्हणतात. वाघेर मच्छीमार पाण्यामागोमाग खड्ड्यावर जात, कपारी चाचपत एकेक शिंपला हातानं सोडवत आणि भरतीच्या आत परतत. मोत्यांवर मक्तेदारी मात्र नवानगरच्या, म्हणजे जामनगर संस्थानच्या, जामसाहेबांची होती.

मी बडोद्याची, प्राणिशास्त्राची शिक्षिका. आखाताच्या तोंडावरचं ओखामंडळ १८१७ पासून आमच्या गायकवाडांकडे होतं. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या समुद्राची पाहणी केली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. दरबाराला शंख-मोत्यांचं उत्पन्न हवं होतं हे उघड आहे. तरी ज्यांचा बाजारात छदामही येत नाही, त्या स्पंजांची आणि समुद्री कृमींचीही त्यात नोंद आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे सिमेंटसाठी याच आखातातून प्रवाळांची वाळू उपसली गेली. मोत्यांच्या उपशापेक्षा हा घाव मला मोठा वाटतो. शिंपल्याला पुन्हा रुजायला खडकच कमी उरला.

गेल्या हिवाळ्यात वाटाड्यानं एक दगड उलटून दाखवला. खाली ठिसूळतारा, दोन खेकडे आणि कडेला तंतूंनी घट्ट चिकटलेला, नखाएवढा मोत्याचा शिंपला. माझा हात आपोआप पुढे झाला. "ना बेन," तो हळूच म्हणाला. दगड होता तसाच, त्याच कुशीवर त्यानं परत ठेवला. पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. आम्ही किनाऱ्याकडे वळलो.