कल्याणच्या पुढचा एफएम

अंगठ्याएवढा एमपीथ्री प्लेयर आज कुणी हातात दिला, तर तुम्ही त्याला पेनड्राइव्ह समजाल. तो होताही तसाच. फक्त त्यात एक बारीक सेल, बोटभर पडदा आणि मेनूत दोन वाटा असायच्या: म्युझिक आणि एफएम. पहिली वाट तुमची एकट्याची, दुसरी सगळ्यांची. कर्जत लाइनवर हा फरक कानांना जाणवायचा.

चालता-फिरता एकट्यानं ऐकण्याची सवय जगाला लावली ती सोनीच्या वॉकमननं, १९७९मध्ये. सात वर्षांपूर्वी, २०१९मध्ये, त्याला चाळीस वर्षं झाली, तोवर कॅसेट कधीच मागे पडली होती. तिची जागा घेणाऱ्या एमपीथ्रीचा पहिला खिशातला प्लेयर १९९८मध्ये कोरियातून आला. ॲपलचा आयपॉड २००१चा. पण तो महाग होता. सामान्य घरांत पोचले ते बिननावाचे चिनी प्लेयर.

अशा मालाचं आणि उल्हासनगरचं नातं जुनं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. घरदार सोडून आलेल्या लोकांनी जे मिळेल ते बनवलं आणि विकलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. पण परवडणारी वस्तू मिळवून देणं हेही एक काम असतं, हे त्या विनोदात विसरलं जातं.

या प्लेयरमध्ये शफल होतं, रिपीट होतं आणि ‘ए-बी’ नावाची एक गुणी सोय होती. आवडत्या जागेच्या सुरुवातीला एकदा बटण दाबायचं, शेवटी पुन्हा एकदा. मग तेवढाच तुकडा फिरत राहायचा. गाण्यातली एखादी हरकत किंवा इंग्रजी संवाद घोटवायला याहून धीराचा शिक्षक नव्हता.

एफएमची गोष्ट वेगळी. मुंबईत २००२मध्ये रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी अशी खासगी केंद्रं सुरू झाली. पण सीएसएमटीपासून अंबरनाथ साधारण ६० किलोमीटर, बदलापूर ६८. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. त्यात लोकलचा पोलादी डबा. इअरफोनची वायरच अँटेना असल्यानं ती गुंडाळली की खरखर, खिडकीशी धरली की आवाज. काही प्लेयरमध्ये ‘जपान बँड’ असायचा, ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. चुकून तो निवडला की मुंबईची ओळखीची केंद्रं गायब!

पण या खरखरीची किंमत पावसात कळते. २६ जुलै २००५ला लोकल थांबल्या, मोबाइलचं जाळं कोलमडलं. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी साठवलेली हजार गाणी बाहेर काय चाललंय ते सांगत नाहीत. रेडिओ सांगू शकतो, आणि त्याला ना डेटा लागतो ना जवळचा टॉवर. तरीही खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. ते काम आकाशवाणीकडेच.

पुढे प्लेयर फोनमध्ये विरघळला. म्युझिकची वाट रुंद होत गेली, एफएमची मात्र अनेक फोनमधून निघूनच गेली. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारनं मोबाइल कंपन्यांना एफएम चालू ठेवण्याची सूचना केली, त्यात आपत्तीचं कारण होतं.

तेव्हा पावसाळ्याआधी एकदा फोनमध्ये एफएम आहे का ते बघा. असेल तर वायरचा इअरफोन लावून आकाशवाणीचं केंद्र सेव्ह करून ठेवा. नसेल, तर घरात सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ असू द्या. उल्हास नदी फुगते तेव्हा आपली प्लेलिस्ट कितीही चांगली असली तरी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज हवा असतो.