काम थांबलं, हप्ते थांबले नाहीत

गटात कर्ज देताना आम्ही स्पेन देशाची गोष्ट सांगतो.

२००७ मध्ये तिथे घरांची बांधकामं जोरात होती. सुमारे २७ लाख माणसं त्या कामावर होती. पोरं शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली गेली. इक्वाडोर, मोरोक्कोहून मजूर आले. हातात पैसा खेळला, तशी अनेकांनी कर्ज काढून स्वतःची घरं घेतली.

२००८ मध्ये कर्ज मिळेना, घरं विकेनात, कामं थांबली. पाच-सहा वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांचं काम गेलं. तात्पुरते मजूर आधी घरी बसले. कितीतरी संसार बायकांनी धुणीभांडी, म्हाताऱ्यांची सेवा करून चालवले. त्यात, घर बँकेनं घेतलं तरी उरलेलं कर्ज डोक्यावर राहायचं.

२००९ मध्ये बार्सिलोनात असे कर्जदार एकत्र बसू लागले. एकीनं लाज सोडून सांगितलं, की दुसरीला बळ यायचं. घर खाली करायला माणसं आली, की सगळे दाराशी उभे राहायचे. काही घरं वाचली.

आपलीही माणसं पुण्या-मुंबईत बांधकामावर आहेत. म्हणून कर्जाआधी विचारूया, काम थांबलं तर हप्ता कशातून? आणि हप्ता थकला तर बैठक चुकवू नका. तेव्हा तर नक्की या.