स्लीपिंग बॅगचं वजन कुठून वाढलं?

हा भाग खरं तर एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे झाला. माझा चुलतभाऊ जानेवारीत केदारकांठ्याला चाललाय, आयुष्यातला पहिला बर्फातला ट्रेक. त्यानं विचारलं, "दादा, स्लीपिंग बॅग उणे दहाची घेऊ की उणे वीसची?" मी टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडमध्येच, माझ्या उणे दहाच्या बॅगेत, तिसऱ्या रात्री मी पहाटेपर्यंत कुडकुडत होतो. बाहेर उणे सहा-सात असेल. पहिल्या रात्री त्याच बॅगेत मस्त झोपलो होतो. मग मधल्या दोन दिवसांत बिघडलं काय?

याचं उत्तर मला सापडलं ते १९११ सालच्या अंटार्क्टिकात.

कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले तिघं, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि २५ वर्षांचा ॲप्सली चेरी-गॅरार्ड, २७ जूनला केप एव्हान्सच्या तळावरून निघाले. जून म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, चोवीस तास अंधार. जायचं होतं केप क्रोझियरला, शंभरेक किलोमीटरवर, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला. साडेतीनशे किलोच्या आसपास सामान, दोन स्लेज, ओढणारे हे तिघंच. पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे झाले, हे त्या अंड्यांतल्या गर्भावरून कळेल, असं विल्सनला वाटायचं. ६ जुलैला त्यांनी उणे ६०.८ अंश सेल्सिअस नोंदवलं.

त्यांचं सामान त्या काळाच्या मानानं उत्तम होतं बरं का. रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगा, आणि आत घालायला आयडर बदकाच्या पिसांचं अस्तर. तंबूलाही आतून दुसरा थर. स्पेसिफिकेशन शीट असती तर सगळीकडे हिरवी टिकमार्क.

१ ऑगस्टला ते परत आले, तेव्हा बॅगांचं वजन केलं गेलं आणि स्कॉटनं ते डायरीत टिपून ठेवलं. पौंडांचे किलो करून सांगतो. विल्सनची बॅग जाताना ७.७ किलो, येताना १८. चेरीची ८.२ वरून थेट २०.४. बॉवर्सची ७.७ वरून १५. सगळा फरक बर्फाचा. आणि हा बर्फ आभाळातून पडलेला नव्हता, त्यांच्या अंगातून आलेला होता.

मला या आकड्यांनी अक्षरशः खिळवून ठेवलं. बघा ना, माणूस झोपेतसुद्धा घामातून, श्वासातून पाणी सोडत असतो. एरवी ती वाफ बॅगेतून बाहेर निघून जाते. पण बाहेर इतकी थंडी असेल तर ती वाटेतच, पिसांमध्ये नाहीतर कातड्यात, गोठते. त्यात थंडी असह्य म्हणून हे तिघं बॅगेचं तोंड बंद करून आतच श्वास घ्यायचे. रोज रात्री थोडा बर्फ जमा, सकाळी वाळवायला ऊन नाही. बॅग लाकडाच्या फळीसारखी कडक व्हायची, आणि संध्याकाळी तिच्यात शिरायचं म्हणजे एकेक अवयव घालून अंगाच्या उबेनं ती वितळवत आत सरकायचं. आमच्या भाषेत मेमरी लीक. पहिल्या दिवशी टेस्ट पास, पाचव्या आठवड्यात सिस्टिम आडवी.

कपड्यांचंही तेच. एकदा चेरी तंबूबाहेर आला, मान वर करून इकडेतिकडे बघितलं, आणि तेवढ्यात कपडे गोठले. पुढचे चार तास त्यानं तशीच मान वर ठेवून स्लेज ओढली.

बॉवर्सच्या नावापुढे स्कॉटनं लिहिलंय, फक्त रेनडिअर. त्यानं पिसांचं अस्तर वापरलंच नव्हतं, आणि वजन त्याचंच सगळ्यात कमी वाढलं. आता सॅम्पल साइज तीन आहे. शिवाय परतीच्या वाटेवर त्यानं आपलं कोरडं अस्तर चेरीला हट्टानं देऊन टाकलं, म्हणजे डेटा थोडा गढूळच. (त्या थंडीत आपलं कोरडं अस्तर दुसऱ्याला देणं! मी दिलं नसतं.) तरी स्कॉटचं मतही असंच झालं की पिसांचं अस्तर थोड्या दिवसांना ठीक, लांबच्या प्रवासात ते बर्फानं भरतं.

आज बॅगेवर जो आकडा छापलेला असतो, त्याची युरोपियन चाचणी २००२ पासून ठरलेली आहे. गरम केलेला एक पुतळा थंड खोलीत बॅगेत झोपवतात. पुतळ्याला घाम येत नाही, तो श्वास सोडत नाही, आणि सलग पाच रात्री ट्रेकवर राहत नाही. त्यातून 'कम्फर्ट', 'लिमिट' आणि 'एक्स्ट्रीम' असे आकडे निघतात. दुकानात मोठ्या अक्षरात दिसतो तो पुष्कळदा 'एक्स्ट्रीम', म्हणजे जेमतेम जीव वाचेल असा. झोप लागेल तो 'कम्फर्ट'.

माझंही तेच झालं होतं. नाकतोंड आत घेऊन झोपायचो, आणि सकाळी निघायच्या घाईत ओलसर बॅग तशीच कोंबायचो. तिसऱ्या दिवशी पायाकडची पिसं गोळा होऊन बसली होती.

तर भावाला सविस्तर लिहिलं. कम्फर्टचा आकडा बघ. तोंड बाहेर ठेव, कानटोपी घाल. दुपारी ऊन मिळालं की बॅग उलटी करून तंबूवर टाक. झोपायचे मोजे वेगळे ठेव, ते दिवसा घालायचे नाहीत. खाली बॅगांचे ते तीन आकडेही पाठवले.

त्याचं उत्तर आलं, "दादा, भारी. पण उणे दहा की उणे वीस?"