मीठ, भट्टी आणि मोरीतली बाटली

संडासाचे भांडे, मोरीच्या टाइल्स, नळाखाली साचलेला क्षारांचा थर, या सगळ्यांवर आपण जे ‘ॲसिड’ ओततो ते हायड्रोक्लोरिक आम्ल. ते घरासाठी म्हणून कुणी तयार केले नाही. दुसरेच काहीतरी बनवताना ते मागे उरत गेले आणि पुढे त्याला गिऱ्हाईक शोधावे लागले. हात कसा सांभाळायचा, खिडकी का उघडायची, कशात काय मिसळायचे नाही, हे सगळे नियम या इतिहासातूनच आले आहेत. म्हणून बाटलीवरच्या सूचनांइतकीच तिची कुळकथाही माहीत असावी असे मला वाटते.

सतराव्या शतकात योहान रुडोल्फ ग्लाउबर या जर्मन रसायनकाराने साध्या मिठावर गंधकाम्ल ओतून ते तापवले. भांड्यात सोडियम सल्फेट उरले आणि वर जो झोंबणारा वायू आला तो पाण्यात विरघळला की तयार झाले आपले ॲसिड. ग्लाउबरला कौतुक होते ते खाली उरलेल्या क्षाराचे. रेचक म्हणून त्याची ख्याती झाली.

आपल्याकडेही हे आम्ल वेगळ्या वाटेने घरोघर येऊन गेले आहे. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात. भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील नितळ तांब्याला धरते. कल्हईवाला चिमूटच टाकतो आणि तीही उघड्यावर बसून. ॲसिड वापरण्याचे शहाणपण याहून थोडक्यात दाखवता येणार नाही.

खरी उलथापालथ झाली फ्रान्समध्ये. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा हवा होता आणि वनस्पतींच्या राखेतून मिळणारा पुरत नव्हता. १७९१ मध्ये निकोलस लेब्लाँने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. पहिली पायरी ग्लाउबरचीच: मीठ आणि गंधकाम्ल. क्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. पद्धत मात्र इंग्लंडमध्ये फोफावली. मिठावरचा कर घटल्यावर जेम्स मस्प्रॅटने १८२३ मध्ये लिव्हरपूलला कारखाना उभारला, आणि पुढे त्या टापूत भट्ट्यांची रांग लागली. सोडा विकला जाई, आम्लाचा वायू धुराड्यातून बाहेर. आसपासची झाडे वाळली, पिके करपली, लोखंड गंजले. खटले झाले तेव्हा मालकांनी धुराडी उंच केली. वायू लांबच्या शेतांत पडू लागला, एवढाच फरक. साबण स्वस्त करणाऱ्या भट्टीने आसपासची माती जाळावी, ही गोष्ट मला फार लागते.

उपाय निघाला साधा. विल्यम गॉसेज या सोडा कारखानदाराने १८३६ च्या सुमारास एका पडीक पवनचक्कीत झुडपांच्या फांद्या भरल्या, वरून पाणी ठिबकत सोडले आणि खालून वायू. वायू पाण्यात विरघळला. तरी बहुतेक कारखानदारांनी मनावर घेतले नाही. काहींनी आम्लाचे पाणी नदीत सोडले. अखेर १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला, किमान ९५ टक्के वायू अडवलाच पाहिजे असा. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. पावसातल्या आम्लाचा अभ्यास करणारे ते हेच.

आता हे अडवलेले आम्ल हौदच्या हौद साठू लागले. त्याचे काय करायचे? वेल्डन आणि डीकन या दोघा रसायनकारांनी त्यातून क्लोरीन काढण्याच्या पद्धती बसवल्या. क्लोरीन चुन्यात मुरवला की ब्लीचिंग पावडर. म्हणजे मोरीतल्या दोन वस्तू, ॲसिड आणि ब्लीच, एकाच घराण्यातल्या. आणि म्हणूनच त्या एकत्र करायच्या नाहीत. ब्लीचिंग पावडरीवर किंवा द्रव ब्लीचवर ॲसिड पडले की कारखान्याने बांधून ठेवलेला क्लोरीन पुन्हा मोकळा होतो, तोही दार लावलेल्या चार फुटी संडासात. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडला तोच हा वायू. ‘दोन्ही घातले की जास्त स्वच्छ होते’ हा समज जिवावर बेततो. एक वापरले तर भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावे. दुसरे त्या दिवशी वापरूच नये.

फरशीचेही पाहा. ग्लेझ केलेल्या टाइल्सना हे आम्ल सहसा काही करत नाही, पण शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड पडले की फेस येतो. पुष्कळांना वाटते मळ निघतोय. खरे तर दगडच विरघळत असतो. फरशी खरबरीत होते आणि पुढे दुप्पट मळ धरते. टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंटही असेच झिजते.

ब्रशची गोष्ट छोटी, पण तीही अशीच. झावळीच्या हिरांचा खराटा आणि काथ्याचा कुंचा पाण्यासाठी होते, आम्लासाठी नव्हेत. १९३८ मध्ये नायलॉनचे केस दात घासायच्या ब्रशमध्ये आले आणि मग सगळ्याच ब्रशांत. पण तीव्र आम्लात नायलॉन कमजोर होतो. १९५४ मध्ये इटलीत जूलिओ नात्ताच्या प्रयोगशाळेत तयार झालेले पॉलिप्रोपिलीन मात्र टिकते. तेव्हा लांब दांड्याचा पॉलिप्रोपिलीनचा ब्रश घ्यावा. तारेचा कधीच नको, लोखंड आम्लात विरघळते. ताठ केस झटकले की थेंब उडतात ते तोंडावर. म्हणून ॲसिड आधी दहा मिनिटे बसू द्यावे, पाणी सोडून सौम्य करावे आणि मग घासावे. रबरी हातमोजे आणि चष्मा हवेतच. ओतण्याआधी पातळ करायचे तर पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी नव्हे. अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे. डोळ्यात गेले तर तसेच धुऊन लगेच दवाखाना. पोटात गेले तर उलटी करवू नये.

घासणारी बहुधा बाई असते, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या घरी कामाला आलेली. कारखान्याला कायद्याने वायू अडवायला लावले. तिला हातमोजे देण्याची सक्ती कुणावर आहे? ॲसिडहल्ला झालेल्या लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले: गिऱ्हाइकाची नोंदवही, ओळखपत्र, अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. तो आदेश असे हल्ले रोखण्यासाठी होता; पण बिननावाच्या, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेले ॲसिड विकत घेणे थांबले तर घरातल्या लहान मुलांचेही रक्षण होईल.

नळावरच्या, बादलीच्या कडेच्या पांढऱ्या थराला एवढ्या तीव्र आम्लाची गरजही नसते. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, १७८४ मध्ये शीले या रसायनकाराने लिंबाच्या रसातून वेगळे केले, आणि १९१९ पासून ते साखरेवर बुरशी वाढवून कारखान्यात बनते. किराणा दुकानात मिळते. दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून फडक्याने थरावर लपेटून ठेवावे, तासाभराने घासावे. धूर नाही, नाक झोंबत नाही. शहाबादीला तेही चालत नाही आणि ब्लीचशी त्याचीही गाठ घालायची नाही.