वाटाण्याचा अंकुर आणि कांद्याची चाळ

मराठीच्या पदवी वर्गाकडून पाच-सात मिनिटांचे माहितीपट करून घेण्याचा प्रघात आम्ही दोघांनी २०२३ साली सुरू केला. दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपण्याआधीच विषय ठरवून टाकले आणि दिवाळीपूर्वी चित्रफिती पाहायला बसलो. त्या पहिल्या खेपेतील दोन चित्रफितींना आम्ही गुण दिले ते अगदी उलटे दिले. ही चूक आमच्या ध्यानात कशी आली हे सांगायचे तर दादासाहेब फाळक्यांच्या एका कुंडीपर्यंत मागे जावे लागेल.

पहिली चित्रफीत विंचूरच्या वाड्याची. निफाड तालुक्यातले, लासलगावजवळचे हे गाव आज कांद्यामुळे ओळखले जाते. पण गावाचे नाव इतिहासात गेले ते पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळे. तीन मुलांच्या गटाने संहिता आधी लिहून आणली होती. भाषा ओघवती, विशेषणे भरघोस. आम्ही मराठीचे शिक्षक. संहिता चांगली उतरली की आम्हांला अर्धे काम झाल्यासारखे वाटते. आम्ही एक-दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परवानगी दिली. तयार झालेल्या चित्रफितीत भारदस्त आवाजातले निवेदन होते, मागे तुतारी होती, आणि पानिपतच्या रणात अखेरच्या श्वासापर्यंत झुंजलेल्या वीराचे वर्णन होते. वर्गातले सर्वाधिक गुण तिला मिळाले.

पुढे ती गावातच दाखवली. मध्येच एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, “सर, हा वाडा आपला न्हाई. पुण्याचा दिसतोय.” ते खरेच होते. मुलांनी महाजालावर ‘विंचूरकर वाडा’ असा शोध घेतला होता, आणि वर आलेली तीन छायाचित्रे पुण्याच्या वाड्याची होती. लोकमान्य टिळकांनी १८९४ साली सार्वजनिक गणेशोत्सव बसवला तो वाडा. खुद्द गावातला वाडा मुलांच्या रोजच्या पायाखालचा, तरी संहितेतल्या तीन वाक्यांना चित्र हवे म्हणून ते पुण्याहून आले. पानिपतचे वाक्य तर त्याहून मोठी चूक होती. विठ्ठल शिवदेव १७६१ च्या त्या रणातून जिवंत परतले. एवढेच नव्हे, तर इब्राहिमखान गारद्याच्या मसलतीने बांधलेला गोल सोडून विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके रोहिल्यांवर पुढे धावली व त्यामुळे गारद्यांच्या तोफांना अडथळा झाला, हा आक्षेप पानिपतविषयक लेखनात वारंवार येतो. आम्हां दोघांनाही तो ठाऊक होता. निवेदनाच्या लयीत तो आठवलाच नाही!

दुसरी चित्रफीत एका विद्यार्थिनीची. विंचूरजवळच्या मळ्यात तिच्या घरची कांदाचाळ. १६ एप्रिल २०२३ पासून ८ ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी सकाळी तिने पिंपावर वीट, विटेवर भ्रमणध्वनी असा एकाच जागी ठेवून सहा-सहा सेकंद चाळ टिपली. सव्वीस रविवारांपैकी एक तापामुळे हुकला. सगळे मिळून अडीच मिनिटे. निवेदन नाही, संगीत नाही. नियोजनाच्या कागदावर आम्ही शेरा मारला होता, “विषय स्पष्ट नाही.” चित्रफीत पाहून झाल्यावर लिहिले, “आशयाचा अभाव.” जेमतेम उत्तीर्ण केले.

आता कुंडीकडे वळू. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या फाळक्यांना चित्रपटासाठी भांडवल हवे होते. पैसेवाल्याला नुसत्या बोलण्याने पटेना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात जमिनीतून वर येऊन वाढू लागला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत पाहून भांडवल मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. इतिहासात ही हकिगत बहुधा ‘हरिश्चंद्र’ची प्रस्तावना म्हणून येते. आम्ही स्वतः ती वर्षानुवर्षे वर्गात तशीच सांगत आलो. या खेपेला सांगता सांगता पुढच्या बाकावरची ती मुलगी हसली, आणि आमचे वाक्य अर्ध्यावर राहिले.

वाटाण्याच्या फितीची संहिता काय होती? एक कुंडी, एक जागा, एक अंतर. काय दिसेल हे फाळक्यांना ढोबळ ठाऊक असणार. अंकुर कुठल्या दिवशी कुठे वळेल हे नव्हते. नियोजन कॅमेऱ्याच्या जागेचे होते, निष्कर्षाचे नव्हे. त्याही आधी, १८९९ साली, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली आणि १९०१ साली रँग्लर परांजप्यांचे विलायतेहून झालेले आगमन टिपले. निवेदकाचा आवाज या दोघांपाशी नव्हताच. तो पुढे आला, आणि १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने तो घरोघरी ओळखीचा केला. आमच्या विद्यार्थ्यांनी ते वार्तापट पाहिलेले नाहीत. तरी बोलायला लागले की ते त्याच आवाजात बोलतात.

चाळीची चित्रफीत आम्ही पुन्हा पाहिली. लाकडी पट्ट्यांच्या फटींतून उन्हाळ कांद्याची थप्पी दिसते. जूनपासून तिची पातळी टप्प्याटप्प्याने उतरते. माल लासलगावला जात असतो. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. २० सप्टेंबरपासून सुमारे दोन आठवडे व्यापाऱ्यांच्या संपामुळे जिल्ह्यातल्या बहुतेक बाजारांत लिलाव थांबले. चित्रफितीत यातला एक शब्दही नाही. मात्र १७ सप्टेंबर, २४ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर या तीन रविवारी पातळी तसूभरही हलत नाही, आणि तिसऱ्या वेळी चाळीच्या तोंडाशी बाहेर फेकलेल्या सडक्या कांद्याचा ढीग दिसतो. आशयाचा अभाव आमच्या पाहण्यात होता. गुण बदलण्याची मुदत उलटून गेली होती. मुलीची क्षमा तेवढी मागितली.

तेव्हापासून कोणतीही चित्रफीत आम्ही आधी आवाज बंद करून पाहतो. संहितेच्या समासात प्रत्येक वाक्यापुढे “हे कशावरून?” याचे उत्तर मागतो. (मुले वैतागतात. वैतागू देत.) आणि चित्रफीत वर्गाआधी, ज्यांच्यावर बेतली आहे त्यांना दाखवतो. हे शहाणपण आमचे नव्हे. समाजशास्त्राच्या वाटेने चित्रपटाकडे आलेल्या पुण्याच्या सुमित्रा भावे यांचा ‘बाई’ हा लघुपट १९८५ चा. झोपडवस्तीतील स्त्रियांविषयीचे संशोधन वाचता न येणाऱ्या त्याच स्त्रियांपर्यंत परत जावे, ही त्यामागची ओढ होती.

चाळीची चित्रफीत त्या मुलीच्या आत्याने पाहिली, तेव्हा जुलैतल्या एका रविवारी तिने थांबवायला लावले. “हा कोपरा बघा. इथं पत्रा गळत होता. सड तिथूनच लागली.” आम्ही तो कोपरा चार वेळा पाहिला होता.

वाड्याच्या गटाने चित्रण नव्याने केले. पुण्याची छायाचित्रे गेली, तुतारीही गेली. अडले आहे ते पानिपतपाशी. गोल सोडल्याच्या आक्षेपाचे वाक्य गावात दाखवायच्या चित्रफितीत ठेवायचे की नाही, यावर तिघांत दोन तट आहेत. एकजण म्हणतो, आधी त्या वयोवृद्ध आजोबांना विचारू; दुसरा म्हणतो, विचारले तर ते नकोच म्हणतील. तिघेही आता पदवीधर होऊन बाहेर पडले आहेत, आणि दुसरा खर्डा आमच्या संगणकात तसाच पडून आहे.