पिवळं, केशरी, पांढरं : महाराष्ट्रातल्या आरोग्य विम्याचा इतिहास आणि बुलडाणा जिल्हा

आज आपण आरोग्य विम्याचा इतिहास पाहणार आहोत. विमा म्हटलं की कंपन्या, हप्ते, दावे असं सगळं डोळ्यांपुढं येतं. महाराष्ट्रात मात्र सरकारी आरोग्य विम्याचा इतिहास ज्या कागदावर लिहिला गेला, तो वेगळाच आहे. तो कागद म्हणजे रेशनकार्ड. दवाखान्यात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे आपल्या राज्यात पंधराएक वर्षं त्या कार्डाच्या रंगावर ठरत होतं. हे असं का झालं, आणि रंग गेल्यावर काय उरलं, एवढाच आजचा प्रश्न. उदाहरण बुलडाणा जिल्ह्याचं घेऊ.

आधी थोडं मागं जाऊ. राज्यानं आजाराचा विमा उतरवायचा, ही कल्पना जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली कायद्यात आली. ब्रिटननं १९११ साली तोच मार्ग धरला. दोन्हीकडं पाया एकच : मजुराच्या पगारातून थोडं कापायचं आणि मालकानं थोडं घालायचं. आपल्याकडं १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा याच पायावर उभा आहे. आता बघा, कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या, किंवा दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणाऱ्या माणसाच्या कोणत्या पगारातून कापणार? ज्या देशात बहुतेकांना महिन्याचा पगारच नाही, तिथं हा पाया पुरत नाही.

दुसरा मार्ग १९४६ साली भोर समितीनं दाखवला होता. त्या समितीचा भर विम्यावर नव्हता. गावापासून जिल्ह्यापर्यंत सरकारनंच दवाखाने उभारावेत, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, असं तिचं म्हणणं. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच विचारातून आली. पण मोठं ऑपरेशन तिथं होत नाही, आणि मोठ्या ऑपरेशनपायी शेतं विकली जातात. विमा पुढं आला तो या फटीतून.

घटनेतली एक गोष्टही ध्यानात ठेवू. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, आणि विमा केंद्रसूचीतला. म्हणजे 'आरोग्य विमा' या जोडशब्दातला पहिला शब्द राज्याचा, दुसरा केंद्राचा. पुढची सगळी ओढाताण या जोडशब्दात आधीच भरलेली आहे.

महाराष्ट्रानं पहिलं पाऊल १९९७ साली टाकलं. योजनेचं नाव जीवनदायी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या शस्त्रक्रियांसाठी सरकारी मदत. मग १ मे १९९९ पासून राज्यात तिरंगी रेशनकार्डं आली. सर्वांत गरिबाला पिवळं, वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्याला केशरी, आणि त्यावरच्याला पांढरं. ही कार्डं गहू-तांदूळ वाटण्यासाठी होती. पण सरकारजवळ घराघराची ऐपत सांगणारी दुसरी सोपी खूण नव्हती. म्हणून धान्याच्या दुकानातला रंग हळूहळू दवाखान्याच्या खिडकीवर आला.

आंध्र प्रदेशात २००७ साली आरोग्यश्री योजना सुरू झाली होती. त्या धर्तीवर महाराष्ट्रानं २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणली. विदर्भातले त्यात दोनच : गडचिरोली आणि अमरावती. बुलडाण्याला वाट पाहावी लागली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना सगळ्या राज्याला लागू झाली. दर कुटुंबामागं सरकार विमा कंपनीला वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरणार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, मूत्रपिंड बदलायचं असेल तर अडीच लाख, आणि यादीत ९७१ उपचार. पात्र कोण, तर पिवळं आणि केशरी कार्ड. दवाखान्यात मदतीला आरोग्यमित्र बसवला गेला. कागद बघायचे, संगणकावर मंजुरी मागायची, हे त्याचं काम. खेड्यातून आलेल्या माणसासाठी सरकारचा चेहरा म्हणजे तोच.

आता बुलडाण्याची खरी गोष्ट इथं सुरू होते. ज्याच्या नावावर चार-पाच एकर कोरडवाहू आहे, त्याचं कार्ड कधीकाळी पांढरं झालेलं असू शकतं. कागदावर तो सधन, आणि सलग दोन वर्षं पीक गेलं की कर्जात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणा होता. पुढं राज्यानं चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्हे धरले : मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. एप्रिल २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. त्या योजनेत या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही जागा होती. अट एकच, सातबारा दाखवायचा.

आम्हाला हा सातबारा फार बोलका वाटतो. जमिनीच्या मालकीचा उतारा आजारपणाचा दाखला झाला. आत्महत्यांचा आकडा वाढल्यावर राज्याला कळलं की रंग खोटं बोलतो. पण राज्यानं रंग पुसला नाही, त्याला एक अपवाद जोडला. आणि ज्याच्याजवळ सातबारा नाही, कार्ड मात्र पांढरं आहे, असा गावातला छोटा दुकानदार किंवा रोजंदारीचा मिस्त्री बाहेरच राहिला.

मधल्या काळात दिल्लीहून दुसरी योजना आली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत सुरू झाली : पाच लाखांचं संरक्षण, आणि पात्रता २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेवरून. म्हणजे एकाच गल्लीत काही घरं गणनेच्या यादीतली, काही रेशनकार्डाची, काही सातबाऱ्याची. एकाला पाच लाख, शेजाऱ्याला दीड. १ एप्रिल २०२० पासून राज्यानं दोन्ही योजना एकत्र चालवायला घेतल्या. यादीतल्या कुटुंबांचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात, बाकीच्यांचा भार एकट्या राज्याचा.

तेवढ्यात कोरोना आला. मे २०२० मध्ये राज्यानं जाहीर केलं की पांढऱ्या कार्डासह सर्व रहिवाशांना योजनेचा लाभ मिळेल. तात्पुरतं म्हणून उघडलेलं दार मग पूर्ण बंद करणं अवघड झालं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं सर्व कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण ठरलं, उपचार १३५६ झाले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली. अंमल सुरू झाला १ जुलै २०२४ पासून. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रानं सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मानमध्ये घेतलं. आमच्या वयाच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

म्हणजे सत्तावीस वर्षांत प्रश्नच बदलला. १९९७ ला राज्य विचारत होतं, 'तू किती गरीब आहेस?' २०२४ ला विचारतं, 'तू इथला आहेस का?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना माणसाला मान खाली घालावी लागते. दुसऱ्याचं उत्तर ताठ मानेनं देता येतं. दया आणि हक्क यांतला फरक आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, तो असा एका फॉर्मच्या रकान्यात सापडतो. अर्थात 'इथला' हाही शब्द साधा नाही. सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांना ही योजना द्यायचं राज्यानं २०२३ मध्ये ठरवलं, तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली. आणि सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या माणसाला तिथं आयुष्मानचा कार्डधारक म्हणून उपचार मिळू शकतात, फुले योजनेचा म्हणून मिळत नाहीत.

बरं, रंग गेला. आता काय उरलं? पहिलं उरतं अंतर. कार्ड खिशात असतं, दवाखाना नसतो. मोठ्या आजाराला या जिल्ह्यातला माणूस अकोल्याच्या सर्वोपचारला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जातो. बुलडाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झालं, पण ते हळूहळूच भरत जाणार. पाच लाखांत ऑपरेशन बसतं. सोबतच्या माणसाचं जेवण, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी बसत नाही.

दुसरं उरतं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जातो. आपल्याकडं संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत विहिरी-बोअरचं पाणी खारं, आणि गावोगावी किडनीचे रुग्ण. लोक त्याचा संबंध पाण्याशीच जोडतात. किडनी निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. योजनेत डायलिसिस आहे, आणि त्यामुळं अनेक घरं तगून आहेत हे आधी मान्य करू. पण त्याच्या आधीची दहा वर्षं कुठं मोजली जातात? रक्तदाबाची रोजची गोळी, वेळेवर केलेली रक्ततपासणी, पिण्याचं गोडं पाणी, हे योजनेच्या यादीत येत नाही. विम्याची यादी मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर उघडते.

इथं विम्याच्या कल्पनेचीच मर्यादा दिसते. विमा अनिश्चिततेचा असतो. समुद्रात गेलेलं जहाज परतेल की नाही हे माहीत नसतं, म्हणून व्यापारी जोखीम वाटून घेतात. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी आहे, तिथं आजार ही जोखीम कमी आणि ठरलेली गोष्ट जास्त. ठरलेल्या गोष्टीचा विमा काढता येत नाही, तिचं कारणच दूर करावं लागतं. वान धरणावरून संग्रामपूर-जळगाव जामोदच्या १४० गावांसाठी पाणीपुरवठा योजना आहे. आमच्या मते ती नळयोजना हा या भागाचा खरा आरोग्य विमा, आणि तिचा नळ ज्या दिवशी कोरडा जातो त्या दिवसाची नोंद आरोग्य खात्यातही व्हायला हवी.

राज्यालाही हे अगदीच उमजलेलं नाही असं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. म्हणजे एका हातात विमा, दुसऱ्या हातात भोर समितीचा जुना मार्ग. हे दोन हात एकमेकांना ओळखतात का, हे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या रांगेत कळतं. तिथं डॉक्टर असेल आणि गोळी मिळाली, तर पुढचे पाच लाख वाचतात. माणूसही वाचतो.

म्हणून यापुढं एखाद्या सभेत योजनेचे आकडे ऐकले, की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. यादीतला हा उपचार आपल्या जिल्ह्यात कुठं मिळतो? तिथं पोचायला काय लागतं? आणि हा आजार होऊच नये म्हणून कोणतं खातं, किती खर्च करतं? रंगाचा प्रश्न सुटायला सत्तावीस वर्षं लागली. या तीन प्रश्नांना तेवढी लागू नयेत, अशी आपली सगळ्यांची इच्छा आहे.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते आता घेऊ.